फाकालेवाची वाट

लापाना आमच्या नुकुमेआ बेटावर उतरला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि मी सात. पुढे मरेपर्यंत तो माझ्या शेजारच्याच झोपडीत राहिला, तरी लोक त्याला पाहुणाच म्हणत. मला याचा फार राग यायचा. जो माणूस अडतीस वर्षं आपल्याच विहिरीचं पाणी पितो, तो पाहुणा कसला? पण खरं सांगायचं तर तो राहिलाही पाहुण्यासारखाच. झोपडी कधी वाढवली नाही, नारळाचं एक झाड लावलं नाही, लग्न केलं नाही. माझ्या आईने त्याच्यासाठी तीनदा मुली पाहिल्या. तिन्ही वेळा त्याचं एकच म्हणणं, “आज ना उद्या जायचंच आहे मला. कशाला कुणाला अडकवू?”

जायचं होतं ते फाकालेवाला, त्याच्या स्वतःच्या बेटावर. तिथे त्याची थोरली बहीण तेउला होती. बाकी त्याचं म्हणून जगात कुणी नव्हतं.

फाकालेवा आमच्यापासून तीन दिवसांवर. तिथली माणसं आमचीच, आमच्याच पूर्वजांची नावं घेणारी. दर मोसमात होड्या जायच्या-यायच्या, सोयरिकी व्हायच्या. लापाना आणि त्याचा बाप तसेच आले होते. त्याच महिन्यात एक जहाज आलं आणि जाताना ताप ठेवून गेलं. त्या तापात त्याचा बाप गेला. पाठोपाठ आमची एक होडी अकरा माणसांसकट समुद्रात नाहीशी झाली, आणि बेटावर राज्य करणाऱ्या गोऱ्या साहेबाने हुकूम काढला की आता लांबच्या होड्या बंद. नुसता हुकूम काढून तो थांबला नाही. आमच्या होड्या त्याने आमच्याच माणसांकडून करवतीने कापून घेतल्या. माझा बाप करवत ओढत होता आणि रडत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग साहेब लोकांनी आपापसात समुद्र वाटून घेतला. आम्ही एकाच्या वाट्याला गेलो, फाकालेवा दुसऱ्याच्या. वर्षातून एकदा येणारं जहाज दक्षिणेकडून यायचं आणि दक्षिणेलाच परत जायचं. लापानाने त्याच्याबरोबर दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. बहिणीला वाचता येत नाही, हे त्याला माहीत होतं, तरी पाठवली.

आमच्याकडे मासे आले की किनाऱ्यावर सारख्या वाटण्या मांडतात. घरात जितकी तोंडं तितके वाटे. लापानाचा वाटा एकच असायला हवा, पण तो दोन मागायचा. “एक माझा, एक तेउलाचा.” वडीलधाऱ्यांनी पहिल्या वर्षी दयेपोटी दिला आणि मग तो रिवाजच पडला. वाटणारा ओरडायचा, “तेउला!” आणि लापाना पुढे होऊन मासे उचलायचा. मग ते तो माझ्याच पोरांना खाऊ घालायचा.

“तुझी बहीण भारीच खाते रे,” मी म्हणायची. “इतकी वर्षं झाली, अजून पोट भरलं नाही तिचं.”

“लहानपणापासून तशीच आहे ती,” तो म्हणायचा. “माझ्या ताटातलंही खायची.”

तो हसायचा, मीही हसायची. पण घरी येऊन चूल पेटवताना माझे डोळे भरून यायचे. धुराने नव्हे.

साहेब लोकांची मोठी लढाई संपल्यावर तिसऱ्या वर्षी मोठं वादळ आलं. समुद्र बेटावरून आरपार गेला आणि आमच्या अळूच्या खड्ड्यांत खारं पाणी भरलं. अळू कुजलं. कंद नाहीत, लावायला रोप नाही. नुसते नारळ आणि मासे खाऊन पोरांच्या तोंडाला फोड आले. त्यात दुसरं दुखणं असं की लग्नाच्या पोरींनी ज्याच्याकडे बघावं तो चुलतभाऊ निघत होता. तेव्हा आमचे मुखिया फाइवाकाका बैठकीत म्हणाले, “फाकालेवाला जाऊ. अळू तिथे आहे. माणसंही आहेत.”

नवा साहेब तरुण होता. तो म्हणाला, बुडायचं असेल तर बुडा, माझी ना नाही.

होडी बांधायला घेतली. होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात त्या उलांडीचं लाकूड समुद्रावर वाहून आलेल्या ओंडक्याचं, बांधणी सुंभाची. शीड केतकीच्या पानांचं; ते माझ्याकडे होतं, कारण बेटावर शीड विणणारी मी एकटीच उरले होते. आणि वाट लापानाकडे होती.

आमच्या लोकांत वाट म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कुठला तारा कुठे उगवतो, कोणत्या दिशेची लांब लाट होडीला कुठे ढकलते, कोणता पक्षी कुठवर दिसतो, हे सगळं एका गाण्यात बांधलेलं असतं. जायची वाट वेगळी आणि यायची वेगळी, गाणी दोन. वाट द्यायची तर देणारा आणि घेणारा खडकांच्या आतल्या शांत पाण्यात गळ्यापर्यंत बसतात. देणारा कानात सांगतो आणि हाताने अंग ढकलून दाखवतो, अशी लाट, मग अशी. आणि एकदा वाट दिली की देणाऱ्याने त्या वाटेवर पुन्हा जायचं नाही. ना होडी नेणारा तांडेल म्हणून, ना होडीत बसलेला माणूस म्हणून. समुद्राच्या लेखी तो उतरला.

लापानाला बापाने मरताना दिली होती ती फक्त फाकालेवाला जायची वाट. तिथून इकडे यायची वाट सांगायच्या आतच बापाची वाचा गेली. ती दुसरी वाट त्याच्या आजीला ठाऊक होती, आणि आजी फाकालेवाला होती.

“मेली असेल ती कधीच,” मी म्हटलं.

“मेलीच असेल,” लापाना म्हणाला. “पण मरण्याआधी तिने तेउलाला दिली असणार. घरात दुसरं होतं कोण?”

सगळ्यांचं गणित असं होतं: लापाना तांडेल होऊन होडी नेईल, तेउला तांडेल होऊन ती परत आणेल, आणि मग दोघं भाऊबहीण इथेच सावकाश पोरांना वाटा देत बसतील. लापाना या दिवसांत इतका बदलला की ओळखू येईना. आपल्या झोपडीशेजारी त्याने दुसरी झोपडी उभी करायला घेतली. आमच्यात मोठे भाऊबहीण एका छपराखाली निजत नाहीत, म्हणून वेगळी. बासष्टाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा या बेटाच्या मातीत खांब रोवला. “दार कुठल्या बाजूला ठेवू?” असं तो मला दिवसातून चारदा विचारायचा.

होडीवर जायला लापानाशिवाय सात जण निवडले. त्यात माझी मुलगी पासेमेता होती. बावीस वर्षांची, हट्टी, समुद्रावर पुरुषांना मागे टाकणारी. मी नाही म्हटलं. तिने ऐकलं नाही. तिचा बाप असता तरी ऐकलं नसतं.

होडी तयार झाल्यावर एक दिवस चाचणीला काढली. बेट दिसेनासं होईपर्यंत बाहेर जायचं आणि परतायचं, एवढंच. लापानाच्या डोळ्यांवर साऱ्याचा पांढुरका पडदा आला होता, पण लाटा ओळखायला डोळे लागत नाहीत. तो होडीच्या तळाशी उताणा पडायचा आणि पाठीने सांगायचा. सकाळी गेले ते दुपार कलली तरी आले नाहीत. मी किनाऱ्यावर केतकीची पानं पुढ्यात घेऊन बसले होते. एक पान विणलं गेलं नाही. सूर्य बुडायच्या सुमाराला शीड दिसलं, तेही भलत्याच बाजूने.

पोरं हसत उतरली. “काकांनी आम्हाला बेटाला वळसा घालून आणलं!” लापाना हसला नाही. तो सरळ झोपडीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजलेला मासा घेऊन त्याच्याकडे गेले. तो नव्या झोपडीच्या अर्ध्या भिंतीला टेकून बसला होता.

“काय झालं काल?”

“बेटावर आपटून परत फिरणारी लाट मी ओळखली नाही,” तो म्हणाला. “लढाईत शिपायांनी जहाजांसाठी खडक फोडला ना, तिथून ती दोन होऊन येते आता. मला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं डावीकडे. बेट उजवीकडे होतं.”

“बरं मग? आता कळलं ना?”

“ते नाही गं, लोसा. तुझ्या पोरीने पक्षी पाहिले होते. संध्याकाळी घरी परतणारे. उजवीकडे चालले होते. तिने खूप आधी पाहिले.”

“मग बोलली का नाही?”

“कशी बोलेल? मी तांडेल.”

होडीवर तांडेलाने विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही, ही आमची शिकवण. माझ्याच आईने मला शिकवली आणि मी पासेमेताला.

“शेवटी मीच विचारलं, कुणाला काही दिसतं का, तेव्हा कुठे म्हणाली,” लापाना सांगत होता. “मी विचारलं नसतं तर? मी पुढे नेत राहिलो असतो आणि सातही जण माझ्या तोंडाकडे बघत बुडाले असते. मानाने बुडाले असते.”

मला त्याच्या बोलण्याचा रोख कळला आणि मी चिडले. “हे बघ, ते वाट द्यायचं डोक्यात आणू नकोस. तू जा. पासेमेताला आधीच सांगून ठेव, पक्षी दिसले की बोल म्हणून. मी सांगते तिला. थोबाडीत मारून सांगते.”

“बोलेल? तू असतीस तर बोलली असतीस?”

“मी बोलले असते!”

“तू बोलली असतीस,” तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच जरा हसला. “तुला होडीवर कुणी घेत नाही ते उगाच नाही.”

मासा तसाच राहिला. मला वाटलं, रडतो आहे की काय; पण तो बोटाने जमिनीवर काहीतरी उमटवत होता आणि पुसत होता. मी उठून आले. मला त्याची दया येत होती आणि स्वतःसाठी भीतीही वाटत होती, कारण त्याने वाट कुणाला द्यायची ठरवली असणार, हे काही मला वेगळं सांगायला नको होतं.

पुढचे तीन दिवस सकाळी, ओहोटीच्या वेळी, तो आणि पासेमेता आतल्या पाण्यात गळ्यापर्यंत बसले. किनाऱ्यावरून दोन डोकी तेवढी दिसायची. गावातले लोक अशा वेळी तिकडे फिरकत नाहीत. मी शीड विणायच्या निमित्ताने बसले. शब्द ऐकू येत नव्हते. मधूनच पासेमेता एका बाजूला झुकायची आणि सरळ व्हायची. तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला आणि माझ्याजवळ बसला. मी शहाळं फोडून दिलं.

“झालं,” तो म्हणाला. “आता मी इथलाच. खूश? आता तरी पाहुणा म्हणू नका.”

मी फाइवाकाकांकडे गेले आणि भर बैठकीत तोंड सोडलं. “जायची वाट आहे माझ्या मुलीकडे. यायची कुठे आहे?”

“तेउलाकडे,” फाइवाकाका म्हणाले.

“ती जिवंत आहे?”

मी लापानाकडे वळले. “तू सांग. आहे जिवंत?”

“आहे,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“मेली असती तर मला कळलं असतं.”

“काय अक्कल आहे!” मी म्हटलं. “पत्र पोचलं की नाही ते अडतीस वर्षांत कळलं नाही तुला. आणि हे कळलं असतं?”

बायकांनी मला धरून बाहेर नेलं. मी बोलले ते वाईट होतं. पण मी आई होते. संध्याकाळी लापाना माझ्या दाराशी आला. आत आला नाही.

“ती असेल तर तीच होडी घेऊन येईल,” तो म्हणाला. “म्हणजे तुझी पोरगी येईल. आणि माझी बहीण येईल. आता आपल्या दोघांचं एकच आहे, लोसा. भांडू नकोस.”

होडी सकाळी निघाली. सगळं गाव कंबरभर पाण्यात शिरून ढकलत होतं. लापाना मात्र कोरड्या वाळूवर उभा राहिला. वाट दिलेल्याने होडीला हात लावायचा नसतो. पासेमेताने सुकाणूवरून एकदा त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

मोसम बदलायला पस्तीस दिवस होते. तोवर परतली तर परतली; नाहीतर वारा उलटतो, मग वर्षभर काही नाही. ते दिवस मी कसे काढले हे मी सांगणार नाही. लापानाने झोपडी पुरी केली. दार शेवटी पूर्वेला ठेवलं. चटई माझ्याकडून मागून नेली, चांगली, कोऱ्या पानांची. एकदा मी गेले तर तो मोकळ्या झोपडीच्या दारात बसून हळू आवाजात बोलत होता. मला पाहून ओशाळला.

“काय चाललंय?”

“बापाचं कसं झालं ते तिला सांगावं लागेल ना. कुठून सुरुवात करावी ते बघत होतो.”

“आणि आपलं काय सांगणार? अडतीस वर्षांत काय केलंस म्हणून विचारलं तर?”

तो म्हणाला, “वाट बघत होतो, म्हणेन. दुसरं काय केलंय?”

एकतिसाव्या दिवशी दुपारी नारळावर चढलेल्या एकाने आरोळी ठोकली. मी धावले. कोणती चटई कुठे टाकली, चुलीवर काय होतं, काही आठवत नाही. माझं शीड होतं ते. शंभर हातांवरूनही मी माझी वीण ओळखते, आणि हे तर त्याहून फार लांब होतं. होडी फोडलेल्या खडकाची बाजू टाळून नीट दक्षिणेच्या वाटेने आत शिरली. त्यात गेले त्याहून जास्त लोक होते. ओल्या पानांत गुंडाळलेली अळूची रोपं मध्ये रचलेली होती. बायका किनाऱ्यावरच रडायला लागल्या, कारण होडीतला एक अनोळखी म्हातारा उभा राहून आमच्या पणजोबांची नावं एकेक करून मोठ्याने घेत होता.

लापाना गुडघाभर पाण्यात उभा होता. डोळे बारीक करून बघत होता, पण त्याला आकारच तेवढे दिसत होते. त्याने माझा दंड धरला. या माणसाने इतक्या वर्षांत मला कधी हात लावला नव्हता.

“लोसा, सुकाणूवर कोण आहे?”

“पासेमेता!” मी ओरडले. “माझी पासेमेता आहे!” मी हसत होते, रडत होते, पाण्यात नाचत होते. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही.

माझ्या दंडावरचा हात सुटला, तेव्हा मला कळलं मी काय बोलले ते.

तेउला आली असती तर सुकाणूवर तीच असती. सुकाणू माझ्या मुलीच्या हातात होतं, म्हणजे यायची वाट माझ्या मुलीकडे होती. म्हणजे तेउला जिवंत होती. आणि तिने वाट दिली होती.

पासेमेता उडी मारून पाण्यात आली. तिने आमच्या रीतीप्रमाणे नाक माझ्या गालाला लावलं आणि लगेच लापानाकडे गेली. ती काही बोलायच्या आधीच मी तिच्यावर ओरडले, “तिला आणलं का नाहीस? उचलून घालायची होडीत! सात जण होतात ना तुम्ही!”

“आई, ती येणारच होती,” पासेमेता म्हणाली. “काका, ती येणारच होती. गाठोडं बांधून झालं होतं तिचं. सगळ्यांचा निरोप घेतला. किनाऱ्यापर्यंत आली. तिथे मला विचारलं, लापानाने तुला वाट कशी दिली? पाण्यात बसून? मी म्हटलं, हो. तो स्वतः का नाही आला? मी पक्ष्यांचं सांगितलं. खोटं कसं बोलू? मग ती वाळूत बसली. म्हणाली, माझ्याही डोळ्यांना आता दिसत नाही. मी सुकाणूवर बसले तर तुम्ही माझ्यासमोरही बोलणार नाही. खूप वेळ बसली. मग तिने गाठोडं सोडलं आणि मला म्हणाली, चल पाण्यात.”

किनाऱ्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. कुणाला आत्याचा नातू सापडला होता, कुणाला मामाचा मुलगा. फाइवाकाका त्या अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडत होते. दोन बेटांमधली वाट उघडली होती, जायची आणि यायची, आणि ती आता बावीस वर्षांच्या मुलीच्या अंगात होती. अजून पन्नास वर्षं तरी चालेल. त्या वाटेवर आता कुणीही जावं, कुणीही यावं. फक्त दोन माणसं सोडून.

मी लापानाला धरून वाळूवर आणलं आणि बसवलं. मला वाटत होतं, त्याने मला शिव्या द्याव्यात, पासेमेताला द्याव्यात, निदान रडावं तरी. त्याने पासेमेताला एवढंच विचारलं, “दात आहेत का अजून तिचे?”

“आहेत. थोडे.”

“जेवते नीट?”

“जेवते.”

त्याने मान हलवली. “बरोबर केलं तिने,” तो म्हणाला. “आजीचीच नात ती. बरोबर केलं.”

पासेमेताला लोकांनी ओढून नेलं. आम्ही दोघंच उरलो. मी, जिला बेटावर सगळे तोंडाळ म्हणतात, ती त्याच्याशेजारी नुसती बसून राहिले. तो समुद्राकडे बघत म्हणाला, “पण लोसा, मला वाटलं होतं, ती तरी चुकेल.”